ड्रॅगन एज २ : घाईत उरकलेला गेम, की पैशासाठी ढकललेला?

अर्धी_सेव्ह_फाइल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जगाच्या मागून का होईना, 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' पूर्ण केला आणि त्याच झोकात 'ड्रॅगन एज २' हातात घेतला. काल तोही संपला. डोकं जरा तापलेलंच आहे, तेव्हा भाषा सांभाळून घ्या. शेवटापर्यंतचे स्पॉइलर आहेत. गेम २०११ चा आहे, तरी आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात इतकी झकास की मी खूश. कॅसँड्रा नावाची बाई नायकाच्या जुन्या सोबत्याला, त्या व्हॅरिकला खुर्चीत बसवून उलटतपासणी घेते, तो हॉकची, म्हणजे आपल्या नायकाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगतो, ती पुस्तक आपटून म्हणते खरं सांग. म्हटलं, वा! सांगणाराच लबाड आहे, आता मजा येणार.

मग पहिल्या अंकात समुद्राकाठच्या एका गुहेत गेलो. नंतर डोंगरावरच्या गुहेत गेलो. तीच गुहा. मग तस्करांचा अड्डा म्हणून पाठवलं, तीही तीच गुहा, फक्त आत शिरायचं तोंड वेगळं. आणि कहर म्हणजे कोपऱ्यातल्या नकाशावर अख्खी गुहा दिसते! समोर दगडी पाट उभा करून वाट बंद केलेली, आणि नकाशात त्या पाटापलीकडे दोन-चार दालनं छान रेखलेली. सुरुवातीला वाटलं गुप्त दार असेल, म्हणून भिंतीला चिकटून कळ शोधत बसलो. कसली कळ आणि कसलं काय.

लढाईचं तेच. समोरचे आठ जण मारले, औषधं संपली, मंत्रांची ताकद संपली, की वरून आणखी आठ टपकतात. छपरावरून, हवेतून, कुठूनही. ओरिजिन्समध्ये पीसीवर कॅमेरा वर नेऊन, गेम थांबवून डाव आखायचो. इथे कॅमेरा वर जातच नाही, आणि गेला असता तरी डाव कशावर आखणार, दुसरी तुकडी अजून जन्मलेलीच नाही.

गोष्ट सात वर्षांची, पण कर्कवॉल शहरात एक वीटही हलत नाही. आणि शेवट! मी जादूगारांच्या बाजूने उभा राहिलो, तरी त्यांचाच म्होरक्या ऑर्सिनो राक्षस होऊन माझ्याच अंगावर. मग जादूगारांवर पहारा ठेवणाऱ्यांची प्रमुख मेरेडिथही अंगावर. म्हणजे बाजू कुठलीही घ्या, दोघांनाही मारायचंच. मग विचारलं कशाला?

तारखा बघितल्या. ओरिजिन्स नोव्हेंबर २००९, दुसरा भाग मार्च २०११. जेमतेम सोळा महिने. पहिला भाग जाहीर झाला होता २००४ मध्ये! आणि मधल्या काळात, २००७ मध्ये, हा गेम बनवणारा स्टुडिओ बायोवेअर, ईए या बड्या प्रकाशक कंपनीने विकत घेतल्याची घोषणा झाली.

तर प्रश्न असा: ईएने नफ्यासाठी अर्धाकच्चा गेम बाजारात ढकलला का? की ईएला उगाच बदनाम करतात आणि बायोवेअरलाच जमलं नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तंबूतला_धनुर्धर

पैसा. पुढचा प्रश्न?

बरं, थोडं सविस्तर. हे नवीन नाही रे. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'चा दुसरा भाग आठव. पहिला बायोवेअरने केला, दुसरा ऑब्सिडियन या वेगळ्या स्टुडिओकडे दिला, डिसेंबर २००४ ला दुकानात हजर. शेवटचे काही तास असे की पानं फाडलेली कादंबरी वाचतोय असं वाटतं. एचके यंत्रमानवांचा अख्खा कारखाना कापलेला, आवाजाच्या फाइली मात्र गेममध्ये तशाच पडून. पुढे चाहत्यांनी कित्येक वर्षं खपून मॉड (गेमला जोडायची घरगुती दुरुस्ती) काढला आणि ते सगळं परत बसवलं. पब्लिशरला सुट्ट्यांचा हंगाम दिसतो, बाकी काही दिसत नाही.

नकाशावाली

मी पोटापाण्यासाठी लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या जागा रचायचं काम करते. कुठे ते विचारू नका, ज्या गेमवर राबले त्यांची नावं सांगितली तर इथे आणखी दोन धागे निघतील. धागाकर्त्याच्या त्या गुहेपासूनच सुरुवात करते, कारण या खटल्यातला सगळ्यात बोलका पुरावा तीच आहे.

गुहा कशी बनते? आधी राखाडी ठोकळ्यांची बनते. भिंत म्हणजे ठोकळा, खडक म्हणजे ठोकळा. त्यात पात्र पळवून बघायचं: लढायला जागा पुरते का, कॅमेरा भिंतीत घुसतो का, चौघांची टोळी वळणावर एकमेकांत अडकते का. हे मोडायचं, परत उभं करायचं, परत मोडायचं. मग कलाकार मंडळी त्यावर खरे खडक, मुळं, ओल चढवतात. मग प्रकाशयोजना. मग कुठे पाय टाकता येतो आणि कुठे नाही याची एक अदृश्य जाळी अंथरायची, नाहीतर शत्रू भिंतीकडे तोंड करून चालत राहतात. या सगळ्यावरून कोपऱ्यातला छोटा नकाशा निघतो. आणि शेवटी टेस्टर लोक अक्षरशः प्रत्येक भिंतीवर डोकं आपटून बघतात, एखाद्या फटीतून खाली तर पडत नाही ना. एका बऱ्या गुहेमागे पाच-सहा वेगवेगळ्या कामांची माणसं आणि त्यांचे आठवडे असतात.

याउलट तयार गुहेत एका वाटेवर दगडी पाट उभा करायचा आणि खेळाडूला दुसऱ्या तोंडाने आत सोडायचं, हे एका माणसाचं दुपारभराचं काम. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळे स्टुडिओ करतात, मीही केलंय. पण केलं की नकाशाचं चित्रही बदलायचं, बंद केलेला भाग पुसून टाकायचा, म्हणजे खेळाडूला पत्ता लागत नाही. हेही काम फार मोठं नाही. ड्रॅगन एज २ मध्ये ते झालंच नाही, आणि मला गुहा परत वापरण्यापेक्षा ही गोष्ट जास्त बोलते. कारण नकाशा चुकलाय हे पहिल्या आठवड्यात पहिल्या टेस्टरने लिहून दिलं असणार. कुणाला दिसलं नाही असं शक्यच नाही. दिसलं, यादीत गेलं, आणि 'गेम बंद पडत नाही ना? मग राहू दे' या ढिगात पडलं. त्या ढिगात एकदा काही पडलं की शेवटच्या महिन्यांत त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ज्याच्यामुळे गेम कोसळतो, सेव्ह फाइल बिघडते, त्याचाच नंबर आधी लागतो.

धागाकर्ता सोळा महिने म्हणतोय, पण ते सगळे कधीच हातात नसतात. तेव्हा डिस्क छापून जायच्या. त्याआधी गेम सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जायचा. त्याच्याही आधी सगळ्या भाषांचे संवाद रेकॉर्ड होऊन बसलेले हवेत, म्हणजे कथा त्याहून कितीतरी आधी कायम झालेली हवी. शिवाय ओरिजिन्सचा 'अवेकनिंग' हा विस्तार मार्च २०१० मध्ये आला, तोही याच स्टुडिओचा. मागचे काढले, पुढचे काढले, की मधे नव्या गुहा खणायला किती वेळ उरला असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

घाई झाली का? झाली. त्यात वाद नाही. आता 'नफ्यासाठी' याकडे येऊ, कारण इथे लोक फार झटपट निकाल देतात.

ईएचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. ड्रॅगन एज २ अमेरिकेत आला ८ मार्च २०११ ला. आता जरा रांग बघा: अवेकनिंग मार्च २०१०, ड्रॅगन एज २ मार्च २०११, मास इफेक्ट ३ मार्च २०१२, मास इफेक्ट अँड्रोमीडा मार्च २०१७. हे काय वसंत ऋतूचं प्रेम नव्हे. मार्च एंडिंग आहे ते, साधं सरळ.

आणि २०११ च्या मार्चमध्ये हाच गेम का? तर बायोवेअरचाच दुसरा प्रचंड प्रकल्प, 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक', पुढे पुढे सरकत होता. तो अखेर डिसेंबर २०११ मध्ये आला. त्या वर्षाच्या ताळेबंदात त्याच्यामुळे जे भगदाड पडलं, ते बुजवायला ड्रॅगन एज २ उभा केला गेला. हा माझा तर्क नाही. ड्रॅगन एजचे तेव्हाचे कार्यकारी निर्माते मार्क डॅरा यांनीच पुढे हे उघडपणे सांगितलं आहे.

म्हणून 'लोभापायी केलं' हे उत्तर मला कच्चं वाटतं. नुसता लोभ असता तर आणखी आठ-दहा महिने दिले असते, कारण चांगला गेम वर्षानुवर्षं विकला जातो आणि ते त्यांनाही कळतं. पण शेअर बाजारात असलेली कंपनी गुंतवणूकदारांना आधीच आकडा सांगून बसलेली असते: या तिमाहीत एवढे येतील. तो आकडा चुकला की भाव पडतो. पुढच्या वर्षी दुप्पट येणार असले तरी आज पडायचा तो पडतोच. मग मोठा गेम लांबला की कुणीतरी यादीवरून बोट फिरवतं आणि विचारतं, याच्या ऐवजी मार्चपर्यंत काय तयार होईल? ज्याच्यावर बोट थांबतं त्या टीमची झोप गेली.

मी एकदा अशा टेबलाच्या खालच्या टोकाला बसलेय. तारीख पहिल्या पाच मिनिटांत कळली होती. गेम कशाबद्दल आहे हे त्यानंतर ठरलं.

पण एवढ्यावर बायोवेअरची सुटका होत नाही. वेळ कमी आहे हे कळल्यावर काय धरायचं आणि काय सोडायचं हे टीम ठरवते, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. या सोळा महिन्यांत त्यांनी काय काय बदललं बघा. नायक आता बोलतो, म्हणजे हॉकच्या ओळी पुरुष आणि बाई अशा दोन्ही आवाजांत, त्यातही सौम्य, मस्करी आणि ठणकावून असे तीन सूर. लढाईच्या हालचाली पहिल्यापासून नव्या. कुनारी जमातीला शिंगं आली, एल्फ वेगळे दिसू लागले, डार्कस्पॉन राक्षसांचे चेहरे बदलले, म्हणजे पहिल्या भागातली तयार मॉडेल अडगळीत. संवादाची पद्धतही बदलली. अरे, हातात जे तयार होतं ते सगळं फेकलं आणि जे मुळातच पुरेसं नव्हतं, म्हणजे जागा, तीच चार वेळा वाढली!

याच्या शेजारी 'झेल्डा: मजोराज मास्क' ठेवून बघा. 'ओकारिना ऑफ टाइम' आला नोव्हेंबर १९९८ मध्ये, मजोरा जपानमध्ये एप्रिल २००० मध्ये. सतरा महिने. जवळपास तेवढाच वेळ. त्यांनी नेमकं उलटं केलं: इंजिन तेच, पात्रांची मॉडेल तीच, चाल तीच. आणि परत परत तेच दिसणार हे पत्करून गेमची कल्पनाच तशी रचली. तीन दिवसांनी चंद्र कोसळणार, तुम्ही वेळ मागे फिरवणार, तेच गाव, तीच माणसं, तेच तीन दिवस पुन्हा. ओळखीचा चेहरा दिसतो आणि तो भलत्याच माणसाचा निघतो, याने अंगावर काटा येतो. ज्या गोष्टीची टंचाई होती तिचाच त्यांनी विषय केला.

ड्रॅगन एज २ कडे तर आयती पळवाट होती. सांगणारा लबाड आहे! एकदा तरी कॅसँड्राने टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं, 'परत तीच गुहा?' आणि व्हॅरिकने खांदे उडवायला हवे होते, 'गुहा सगळ्या सारख्याच असतात, बाईसाहेब.' अर्धा राग तिथेच जिरला असता.

तिसरा_अंक

नकाशावाली ताई, शेवटच्या परिच्छेदाला +१००. हसून मेलो.

पण मी या गेमच्या बाजूने उभा राहणार, कुणीतरी राहायला हवं. सगळे गुहा मोजतात, माणसं कुणी मोजत नाही. ओरिजिन्समध्ये तुम्ही जग वाचवता, ते सगळेच वाचवतात. इथे एक घर सोडून पळालेलं कुटुंब परक्या शहरात पाय रोवायचा प्रयत्न करतं आणि वर्ष उलटेल तसं एकेक माणूस गमावतं. दुसऱ्या अंकात आईचं जे होतं (बोलत नाही, खेळलेत त्यांना माहीत आहे), तिथे हॉक काहीही करू शकत नाही. गेम तुम्हाला जिंकूच देत नाही. किती मोठ्या गेमची एवढी हिंमत आहे?

आणि अ‍ॅव्हलिन! पहारेकऱ्यांची कप्तान, ढाल घेऊन राक्षसासमोर उभी राहणारी बाई, आणि आवडलेल्या माणसाला मनातलं सांगायची वेळ आली की तांब्याच्या पत्र्यावर झेंडूची फुलं काढून पाठवते. मधे निरोप पोचवायला हॉक. त्या बिचाऱ्या डॉनिकला काही कळत नाही. मग गस्तीच्या वाटेवर आपण पुढे जाऊन गुंड साफ करायचे, म्हणजे मागे या दोघांना बोलायला निवांतपणा मिळेल, आणि अ‍ॅव्हलिन बोलते काय, तर हवापाण्यावर. जुनेच रस्ते, जुनेच गुंड, नवीन जागा एकही नाही. तरी तो माझा सगळ्यात आवडता क्वेस्ट (मोहीम) आहे.

सोबतीही तुमच्या मागे मागे फिरत नाहीत. प्रत्येकाचं आपलं घर, आपला धंदा, आपसातली भांडणं. फेनरिस आणि अँडर्स एका टोळीत घेतलेत का कधी? नुसती चकमक. सात वर्षांत वीट हलली नाही हे मान्य, पण माणसं हलली ना. कुनारींच्या सेनापतीशी, अरिशोकशी समोरासमोरचा सामना कोण विसरेल? मी चोर घेऊन खेळत होतो. खांबांभोवती पळत पळत, बाण मारत, औषध पीत. वीरश्री वगैरे काही नव्हतं त्यात, पण हात घामेजले होते.

घाई झाली म्हणून गेम वाईट, हे गणित मला पटत नाही.

जुनी_डिस्क

वरच्या बऱ्याच गोष्टी मान्य, पण धाग्याचा प्रश्नच मला पोकळ वाटतो. नफ्यासाठी नसलेला मोठा गेम दाखवा एक. ओरिजिन्स काय धर्मादाय होता? आवडला की 'कलाकृती', नाही आवडला की 'पैशासाठी केला'. ताळेबंद दोन्हीचा तोच.

आणि वेळ दिला की गेम चांगला होतो हेही मिथक आहे. ड्रॅगन एज २ नंतर तीनच महिन्यांनी, जून २०११ मध्ये, 'ड्यूक न्यूकम फॉरेव्हर' आला. जाहीर झाला होता १९९७ मध्ये. इतकी वर्षं मिळून हाती काय आलं? उलट 'फॉलआउट: न्यू व्हेगास' घ्या. ऑब्सिडियनला मिळाले दीडेक वर्ष, ऑक्टोबर २०१० ला आला, पहिल्या दिवशी बगांचा नुसता बुजबुजाट, आणि आज लोक त्याला फॉलआउटमधला सर्वोत्तम म्हणतात. कारण ताईंनी सांगितलं तेच: फॉलआउट ३ चं इंजिन आणि सामान तसंच घेतलं आणि सगळा जीव लेखनात आणि निवडींमध्ये ओतला.

याच मालिकेतला चौथा भाग, 'व्हेलगार्ड' घ्या. 'इन्क्विझिशन' या तिसऱ्या भागानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. मधे एकदा आखणी रद्द, मग सगळ्यांनी मिळून ऑनलाइन खेळायचा करायचं ठरलं, मग पुन्हा एकट्याने खेळायचा. दहा वर्षं असूनही ईएला जेवढे खेळाडू अपेक्षित होते त्याच्या निम्म्याच्या आसपास आले. तिथे कुणाची घाई होती?

शिवाय ड्रॅगन एज २ पडला असंही नाही. समीक्षकांचे गुण ऐंशीच्या आसपास होते आणि दोन आठवड्यांच्या आत दहा लाख प्रती गेल्याचं ईएने सांगितलं होतं. रागावले ते ओरिजिन्सचे भक्त. (मीही त्यातलाच. हलकेच घ्या.)

नकाशावाली

@जुनी_डिस्क, ड्यूक आणि व्हेलगार्ड दोन्ही उदाहरणं बरोबर, पण ती माझ्याच पारड्यात पडतात. कॅलेंडरवर दहा वर्षं असली तरी टीमला दहा वर्षं मिळत नाहीत. अँड्रोमीडाचं तेच झालं: कागदावर पाच वर्षं, आणि आज जो गेम दिसतो त्यातला बराचसा शेवटच्या दीडेक वर्षात उभा राहिला, असं नंतरच्या वार्तांकनातून बाहेर आलं. मधे दिशा बदलली की मागचं काम फुकट जातं. पण शेवटची तारीख त्या मानाने फारशी हलत नाही. म्हणजे घाई तिथेही होतीच, फक्त उशिरा सुरू झाली. आत बसलेल्याला दोन्हीकडे जागरण तेवढंच.

विक्रीबद्दल म्हणशील तर पहिल्या दोन आठवड्यांत जे घेतात ते मागच्या गेमच्या पुण्याईवर घेतात. दहा लाखांचा तो आकडा ओरिजिन्सच्या खात्यात लिहायला हवा. दुसऱ्या भागाच्या खात्यात काय लिहायचं? 'एक्झाल्टेड मार्च' नावाचा मोठा विस्तार ठरला होता, तो रद्द झाला. ओरिजिन्सला निदान अवेकनिंग तरी मिळाला, याला तेवढाही नाही; यावरून काय ते कळेल.

सगळे मोठे गेम नफ्यासाठीच असतात, हेही खरं. पण कधीच्या नफ्यासाठी, यावर खूप काही ठरतं. याच तिमाहीचा हवा की पुढच्या पाच वर्षांचा? ओरिजिन्स सुरू झाला तेव्हा बायोवेअर स्वतंत्र होतं, त्यांना दुसऱ्या प्रकारचा नफा परवडत होता.

@तिसरा_अंक, अ‍ॅव्हलिनबद्दल अगदी बरोबर, आणि मी म्हणतेय तेही तेच. लेखकाला नवी गुहा लागत नाही. त्याला टेबल, दोन चांगले आवाज आणि नकार न देणारा संपादक लागतो. वेळ कमी पडतो तेव्हा शब्द सगळ्यात आधी पूर्ण होतात आणि जागा सगळ्यात शेवटी. म्हणून या गेममध्ये माणसं खरी वाटतात आणि ती उभी कुठे आहेत तिकडे बघवत नाही. ऑर्सिनोचं मात्र मी लेखकांच्या माथी मारते. बाजू निवडायला लावून दोन्हीकडे तीच मारामारी ठेवायची, याला वेळेचं कारण पुरत नाही. निदान मला तरी नाही.

दुसऱ्या तुकडीबद्दल धागाकर्त्याने विचारलं नाही, पण सांगून टाकते. छोट्या जागेत एकदम सोळा शत्रू सोडले तर त्या काळचा कन्सोल धापा टाकतो, आणि आठच सोडले तर लढाई चुटकीसरशी संपते. मग आठ आणि वरून आठ. जागा मोठी असती तर दुसरे आठ दाराआडून, जिन्यावरून, कुठूनतरी नीट चालत आले असते. इथे दार म्हणजे तोच दगडी पाट.

अर्धी_सेव्ह_फाइल (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अ‍ॅव्हलिनवाला क्वेस्ट मी दुसऱ्या अंकात अर्धा सोडून पुढे गेलो होतो, आता परत जाणं आलं.

नकाशावाली ताई, एक शेवटचा प्रश्न. पुढच्या वेळी विकत घेण्याआधी आमच्यासारख्या बाहेरच्याला हे कशावरून कळणार? ट्रेलरमध्ये तर सगळंच चकाचक असतं.

नकाशावाली

खात्रीने नाही कळत. पण मी स्वतः दोन-तीन गोष्टी बघते. तारीख तिमाहीच्या टोकाला टेकलेली असेल आणि कंपनीचा दुसरा मोठा गेम नुकताच लांबला असेल, तर कान टवकारायचे. मुलाखतींत 'आम्ही सगळं नव्याने केलं' असं सारखं येत असेल आणि मागचा भाग येऊन दोन वर्षंही झाली नसतील, तर त्याहून जास्त. 'मागचं सामान वापरलं' असं कुणी प्रामाणिकपणे म्हणालं तर मला उलट धीर येतो.

आणि ट्रेलर बघूच नका. गेम आल्यावर कुणीतरी न कापता खेळलेला एखादा बिनमहत्त्वाचा क्वेस्ट बघा, गेमच्या मधल्या भागातला. पहिले दोन तास सगळेच घासूनपुसून देतात. दहाव्या तासाची एखादी फालतू गुहा कशी आहे त्यावरून टीमकडे वेळ उरला होता का ते कळतं. कोपऱ्यातल्या नकाशावरही एक नजर टाका.

तुझ्याकडे 'लेगसी' आणि 'मार्क ऑफ द असॅसिन' हे दोन डीएलसी (गेमला नंतर जोडलेले भाग) असतील तर ते सोडू नकोस. दोन्ही २०११ मध्येच आले, गेमनंतर काही महिन्यांनी, आणि दोन्हींत जागा नव्या आहेत. त्याच लोकांना थोडा श्वास घ्यायला मिळाल्यावर काय जमतं ते तिथे दिसेल.

त्यानंतर इन्क्विझिशन घेशीलच. नोव्हेंबर २०१४ चा, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ठरलेला. तीच ती गुहा म्हणून लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या की या वेळी त्यांनी जागाच जागा दिली, इतकी की आता भरायला काही उरलं नाही. सुरुवातीलाच हिंटरलँड्स नावाचा भाग लागेल. तिथे मेंढ्या मारा, वनस्पती गोळा करा, तुकडे शोधा, न संपणारी यादी आहे. अर्धे लोक तिथेच कंटाळून गेम सोडतात आणि मग आमच्यासारख्यांना विचारत बसतात की एवढं कौतुक कशाचं. पुढे जायची ताकद जमली की तडक निघ. मेंढ्या कुठे पळून जात नाहीत.

अर्धी_सेव्ह_फाइल (धागाकर्ता)

इन्क्विझिशन आठवड्यापूर्वीच डाउनलोड करून ठेवलाय. मेंढ्यांना हात लावणार नाही, शब्द देतो.

तिसरा_अंक

सगळेच देतात. वनस्पती गोळा करताना भेटू.